जुन्या टर्बो गाडीचे इंजिन किती झिजले आहे, हे विकत घेण्याआधी कसे ओळखावे

गोव्यात जुनी टर्बो पेट्रोल गाडी (जिच्यात एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो) विकायला निघाली की मालक सगळ्यात आधी किलोमीटर सांगतो. ‘ऑक्टेव्हिया आरएस आहे, वीस वर्षांची, पण साठ हजारसुद्धा चाललेली नाही.’ असा आकडा कानावर पडला की मी जास्तच सावध होतो. म्हापशाहून पणजी तेरा किलोमीटर. रोज एवढ्याच अंतरावर जाऊन-येऊन चाललेल्या गाडीत पाण्याचा काटा मध्यावर येतो, पण सम्पमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतले, ऑइल नीट तापायच्या आत इंजिन बंद होते. न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ त्या ऑइलमध्येच मुरते. त्यातून मालक बोटीवर किंवा गल्फमध्ये असला, तर गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी. सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर ओघळून जातो, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून खारी दमट हवा आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसतात. किलोमीटर कमी, झीज भरपूर.

म्हणून मीटर बाजूला ठेवून इंजिनालाच विचारायचे. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीपर्यंत लावला आहे. मध्येच कुठे गाडीवरून मन उडाले, तर पुढचे पैसे वाचतील.

१. इंजिन थंड असतानाच पोहोचा

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की सकाळी गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर. ‘पात्रांव, तुम्ही येणार म्हणून जरा गरम करून ठेवली’ असे ऐकायला मिळाले, तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत या. थंड स्टार्टच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात जे कळते ते नंतर दिवसभर लपून राहते.

सुरू करताना मागे एक माणूस उभा ठेवा. रात्रभर उभ्या गाडीने पहिल्यांदा निळसर, म्हणजे ऑइल जळल्याच्या, धुराचा झोत टाकून तो थांबवला, तर बहुधा व्हॉल्व्हची सील कडक झालेली आहेत. धूर थांबतच नसेल, तर रिंगा किंवा टर्बो. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल, तर कूलंट जळते आहे. सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब गळाले तर घाबरू नका, ते थंड इंजिनात व्हायचेच.

कान पुढच्या बाजूला ठेवा. स्कोडा लॉरा आरएसमधल्या १.८ टीएसआय इंजिनात टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या साखळीचा) ताण राखणारा टेन्शनर ही माहीत असलेली कमजोर जागा आहे. सुरू होताना दोन-तीन सेकंद साखळी खुळखुळली, तर तो खर्च तुमच्या डोक्यावर येणार असे समजा. जुन्या ऑक्टेव्हिया आरएसच्या १.८ टी इंजिनात किंवा फियाट लिनिया टी-जेटमध्ये त्या साखळीऐवजी रबरी बेल्ट असतो. तो आवाज न करता तुटतो, त्यामुळे तिथे बदलल्याचे बिलच बघावे लागते.

२. ऑइल

डिपस्टिकवरचे ऑइल काळे आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी छोट्या फेऱ्यांची आहे किंवा इंजेक्टर गळतो आहे. मग दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकून उन्हात तिरके धरा. चकाकणारे कण दिसले, तर बेअरिंगचा धातू सुटायला लागला आहे. तिथून सरळ घरी जा.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट, लोण्यासारखा थर असला तर पावसाळ्यात लगेच निकाल देऊ नका. आपल्याकडच्या हवेत जून ते सप्टेंबर तसा थोडा थर चांगल्या इंजिनातही धरतो. मात्र डिपस्टिकवरही तेच दिसत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) संशयात आहे. झाकणाखाली डांबरासारखा काळा चिकटा असेल, तर ऑइल वेळेवर बदललेले नाही आणि त्याची सगळ्यात आधी किंमत टर्बोने मोजली आहे.

‘मध्ये मध्ये ऑइल किती घालता?’ हे सहज बोलता बोलता विचारा. फोक्सवॅगन-स्कोडाचे मॅन्युअलच हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागू शकते असे म्हणते, त्यामुळे थोडे घालावे लागते म्हणणारा मालक मला प्रामाणिक वाटतो. ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्याच्या डिकीत अर्धा रिकामा डबा सापडतो.

३. टर्बोला हात लावून बघा

इंजिन बंद आणि पुन्हा थंड झालेले. एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारा पाइप मेकॅनिककडून सोडवून घ्या आणि कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या, चाकाचा नट दोन बोटांत धरा. या चाकाचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्यामुळे बंद असताना तो वर-खाली किंचित हलणे साहजिकच आहे. ‘शाफ्ट हलतो, टर्बो गेला’ असे म्हणून भाव पाडणारे पुष्कळ भेटतात, तसे करू नका. दोष असतो तो आत-बाहेर हलण्यात. तशी हालचाल बोटांना जाणवता कामा नये. चाकाची पाती भोवतीच्या कवचावर घासल्याच्या खुणा किंवा पात्यांच्या तुटक्या कडा दिसल्या, तर टर्बोचे काम निघाले. पाइपमध्ये ऑइलचा हलका ओलावा चालतो, साचलेले ऑइल चालत नाही.

वाकलाच आहात तर एअर बॉक्सही उघडा. फिल्टरच्या स्वच्छ बाजूला लाल माती असेल, तर ती सिलिंडरमध्येही गेली आहे. खाणपट्ट्यातल्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीत हे हमखास बघावे. किनाऱ्याजवळच्या गाडीत इंटरकूलरच्या (टर्बोतली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पत्र्या बोटाने दाबल्यावर चुरतात का, तेही बघा.

४. चोर्ला घाट

चढ आणि उतार दोन्ही लागतात, म्हणून सपाट महामार्गापेक्षा सत्तरीतल्या केरीहून वर जाणारा हा रस्ता तपासणीला बरा. पावसाळ्यात मात्र धुके असते, तेव्हा नको. ओळखीचा कोणी दुसऱ्या गाडीने मागे ठेवा, त्याचे लक्ष फक्त तुमच्या सायलेन्सरवर. इंजिन पुरते तापल्यावरच जोर द्या.

मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमच्या आसपासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, सलग भरत गेला पाहिजे. अडखळला तर इग्निशन कॉइल किंवा प्लग. शिट्टी वाजून जोर येत नसेल, तर पाइप कुठेतरी फाटला आहे, आणि ही स्वस्तातली दुरुस्ती आहे. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज मात्र टर्बोच्या बेअरिंगचा.

वर पोहोचल्यावर गाडी कडेला घेऊन चार-पाच मिनिटे तशीच सुरू ठेवा. उभ्या उभ्या निळा धूर वाढायला लागला, तर टर्बोचे सील गेले आहे किंवा त्याची ऑइल परतायची नळी तुंबलेली आहे. मग उतारावर गिअरमध्येच, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून किलोमीटरभर या आणि एकदम दाबा. त्या क्षणी निळा झोत निघाला, तर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यांतून सरकते त्या नळ्या) झिजल्या आहेत. तापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडा धूर गिळतो, त्यामुळे जे दिसले ते प्रत्यक्षात त्याहून जास्तच असते.

ऑइल प्रेशरचे मीटर असेल, तर गरम इंजिनात दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा गॅरेजमधला ढोबळ हिशेब लक्षात ठेवा.

५. स्कॅनर

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावल्यावर एरर कोड नाहीत, एवढ्याने खूश होऊ नका. ‘रेडिनेस’च्या (गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या करते त्या) तपासण्या अपुऱ्या दाखवत असतील, तर कोड बहुधा नुकतेच पुसले आहेत. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने इंधनात केलेली कमी-जास्ती) शून्याच्या आसपास हवे. दहा टक्क्यांच्या पुढे गेले, तर कुठेतरी हवा गळते आहे किंवा सेन्सर बिघडला आहे. प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर, म्हणजे पेट्रोल न पेटलेल्या वेळा, मोजून घ्या. ईसीयू रीमॅप केला आहे का, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलला आहे का, हेही स्पष्ट विचारा. रीमॅप ही वाईट गोष्ट नव्हे, पण लपवलेला रीमॅप वाईट.

६. कॉम्प्रेशन, आणि शंका राहिली तर लीक-डाउन

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते. खरा निकाल इथे लागतो, म्हणून ते मोजायचे गेज असलेला मेकॅनिक शोधा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन बंद, बॅटरी भरलेली, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे सारखेच, पाच-सहा झटके. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा खोटा कमी येतो, आणि ही चूक गॅरेजमध्ये सर्रास होते.

जुन्या १.८ टी इंजिनाला नवेपणी १० ते १३ बार, किमान ७ बार आणि सिलिंडरांत जास्तीत जास्त ३ बार फरक, असे कंपनीचे माप आहे. इतर इंजिनांचे माप त्यांच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. माझा नियम याहून कडक आहे. आकडे थोडे कमी असले तरी चालतील, पण चारही सारखे हवेत. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला, की मी कारण शोधतो.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील, तर मधले गॅस्केट. लीक-डाउनमध्ये, म्हणजे सिलिंडर किती गळतो ते मोजताना, त्यात दाबाने हवा भरून कान लावायचा: ऑइलच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. दहा टक्क्यांपर्यंत गळती उत्तम, विसापर्यंत जुन्या इंजिनाला माफ.

पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गेलेल्या गाडीत एक वेगळे कोडे पडते. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी, पण लीक-डाउन ठणठणीत. पाणी ओढल्याने कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) किंचित वाकला असेल, तर पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि असेच आकडे मिळतात. हा रॉड पुढे कधीतरी ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

मालक प्लग काढू देत नसेल, तर मेकॅनिकचे पैसे आणि नव्या प्लगचा संच आपल्याकडून द्यायची तयारी दाखवा. तरीही नको म्हणाला, तर विषय संपला.

भाव ठरवताना

चारही सिलिंडर सारखे आणि फक्त टर्बो गेलेला असेल, तर मी भाव पाडून ती गाडी घेईन. रिंगा किंवा बेअरिंग गेलेले असतील, तर टर्बो नवा असला तरी घेणार नाही. फुल इंजिन काम काढले, की सुट्या भागांची वाट बघण्यात गाडी गॅरेजमध्ये अडकून पडते. टर्बोची पाती तुटलेली असतील, तर नवा टर्बो बसवण्याआधी इंटरकूलर आणि सगळे पाइप उतरवून धुवून घ्या, नाहीतर आत अडकलेला तुकडा नवा टर्बो बसल्यावर थेट सिलिंडरमध्ये जाईल.