वाक्य अडलं की थांबा : बोलण्यातले आणि कवितेतले अलंकार ओळखायचे कसे

शाळेत अलंकार शिकवतात ते खुणेच्या शब्दांवरून. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, ओळीच्या शेवटची अक्षरं जुळली की यमक. परीक्षेचे मार्क तेवढ्यावर पदरात पडतात. पण मग तोच विद्यार्थी 'तो सारखा फोन करतो' यातही उपमा शोधायला लागतो, आणि 'सगळं गाव घाटावर जमलं होतं' हे मात्र सरळ वाक्य समजून पुढं जातो. म्हणून खुणा आधी बाजूला ठेवा. अलंकाराचं नाव काढणं हे पुढचं काम, आधी वाक्य नीट ऐकायचं.

आधी शब्दशः घ्या

वाक्य अक्षरशः खरं मानून चित्र डोळ्यांसमोर आणा. 'एक मॅच काय जिंकली, पोरगं अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालंय.' सांगलीच्या हळदबाजारात वावरणाऱ्याला हळकुंड केवढं असतं ते सांगायला नको. त्याच्या अर्ध्या तुकड्यानं अख्खा माणूस पिवळा व्हायचा नाही. चित्र जमत नाही, वाक्य अडतं. अडलं तिथंच थांबायचं.

जुन्या काव्यशास्त्रात याला मुख्यार्थबाध म्हणतात. काव्यशास्त्रकार मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी, म्हणजे सरळ अर्थ सोडून दुसरा अर्थ घेण्यासाठी, तीन गोष्टी सांगितल्या आहेत : शब्दाचा सरळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाचं त्याच्याशी काही नातं पाहिजे, आणि तसं बोलण्यामागं रूढी किंवा हेतू पाहिजे. नाव अवघड वाटलं तरी हे तीन प्रश्न कुठल्याही वाक्याला विचारता येतात. अडलं कुठं? नातं काय? असं का म्हटलं? हळकुंडाच्या वाक्यात शेवटच्या प्रश्नाचं उत्तर उघड आहे : टोमणा मारायचाय.

नातं कसलं ते बघा

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी 1843 साली इथं 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणलं, तेव्हापासूनचा हा मान. वारकऱ्याला पंढरपूर तशी नाटकवाल्याला सांगली, म्हणजे नातं साम्याचं. 'सगळं गाव घाटावर जमलं' यात मात्र साम्य कुठंच नाही. गाव म्हणजे गावातली माणसं, नातं राहण्याचं. 'आणखी दोन ताटं वाढा' म्हणताना ताट म्हणजे जेवणारा माणूस. अशा वाक्यांना अलंकारांच्या शालेय यादीत जागा नाही, म्हणून ती नजरेतून निसटतात. हीही लक्षणाच.

साम्य असलं तरी लगेच उपमा म्हणू नका. 'तुझ्यासारखीच साडी मीही घेतली' यात साडीची तुलना साडीशीच आहे. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात.

काही रूपकं इतकी वापरून झिजलीत की ती अडतच नाहीत. उसाच्या कांडीला डोळा असतो, ज्वारी पोटरीला येते, हळदीच्या मातृकंदाला शेतकरी जेठा गड्डा म्हणतो. जेठा म्हणजे घरातला थोरला, पण बेणं निवडताना हे कुणाच्या मनातही येत नाही. हेतू संपला, रूढी उरली. परीक्षेत ही विचारत नाहीत, पण सराव करायला याहून चांगलं रान नाही.

आता नाव शोधा, तेही एकाच विषयावर

निरनिराळी उदाहरणं पाठ करण्यापेक्षा एकच गोष्ट घेऊन ती फिरवून बघा. ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान. आपण कृष्णेचा पूर घेऊ : नदी उपमेय, समुद्र उपमान.

'नदी समुद्रासारखी पसरलीय' ही उपमा, दोन्ही गोष्टी वेगळ्याच राहतात. 'नदी जणू समुद्रच' म्हटलं की उत्प्रेक्षा, आता कल्पना एक पाऊल पुढं गेली. 'कृष्णेच्या या समुद्रात गल्ल्या बुडाल्या' यात दोन्ही एक झाल्या, म्हणून रूपक. 'ही नदी नव्हेच, समुद्र आहे' असं म्हणून नदीच नाकारली की अपन्हुती. 'नदी म्हणावं की समुद्र?' असा घोळ घातला तर ससंदेह. 'समुद्र निदान आपली हद्द सोडत नाही, हिनं तीही सोडली' यात नदी समुद्रावर वरचढ ठरली, तो व्यतिरेक. आणि तुलनेला दुसरं काही सापडेनाच, 'कृष्णेच्या पुरासारखा पूर कृष्णेचाच', तर अनन्वय.

समुद्र बाजूला ठेवून 'कृष्णामाई पायऱ्या चढून दारात आली' म्हटलं, तर नदीला माणसाचं वागणं दिलं : चेतनगुणोक्ती. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी धरतात. 2019 साली तिथं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. हे नुसतं सांगणं, यात अलंकार नाही. 'पाणी आभाळाला टेकलं' ही अतिशयोक्ती.

रूपक आणि उत्प्रेक्षा यांत सगळ्यांचा गोंधळ उडतो. एकच बघा : बोलणारा 'वाटतंय' म्हणतोय की 'आहे' म्हणतोय? वाटण्याचा सूर असेल तर उत्प्रेक्षा.

काहीच अडलं नाही तर?

ऑगस्टमध्ये चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतो, 'कोयनेचे दरवाजे उघडले.' वाक्य कुठंच अडत नाही. 105 टीएमसीचं धरण आहे, भरत आलं की दरवाजे उचलतात. पण कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि ते पाणी खाली सांगलीला येतं, हे टपरीवरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. नदीकाठच्या दुकानदाराला त्या वाक्यातून ऐकू येतं, 'माल माळ्यावर टाका.' शेतकऱ्याला ऐकू येतं, 'नदीवरची मोटार काढून आणा.' शब्द तेच, अर्थ ऐकणाऱ्यागणिक वेगळा. ही व्यंजना. ती शब्दांत शोधून सापडत नाही. कोण बोललं, कुणाला, कधी, हे बघावं लागतं.

उपरोधाचंही तसंच. 'लय शाणा हायस' हे कौतुक की शिवी, ते आधी काय घडलं त्यावर ठरतं. कागदावर सूर ऐकू येत नाही, म्हणून मागची दोन वाक्यं वाचल्याशिवाय निकाल देऊ नका.

कविता वाचताना

कवितेत एक काम वाढतं. प्रतिमा सापडली की ती पुढं कुठं जाते ते पेन्सिलीनं खुणा करत बघायचं. तुकोबांचा अभंग घ्या :

आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें ।
शब्दांचींच शस्त्रें यत्न करूं ॥
शब्दचि आमुच्या जीवाचें जीवन ।
शब्दें वाटूं धन जनलोकां ॥

पहिल्या ओळीवर 'रूपक' लिहून थांबलात तर अर्धी कविता हातची गेली. शब्द आधी रत्न आहे, मग शस्त्र, मग जीवन, आणि चौथ्या ओळीत पुन्हा धन. पण पहिलं धन घरात आहे आणि हे दुसरं वाटायचं आहे. मधल्या शस्त्रानं आणि जीवनानं त्या धनाचा अर्थ बदलला. एकेक ओळ सुटी धरून अलंकार शोधणाऱ्याला हे दिसत नाही.

एका ओळीला दोन नावं लागली तरी घाबरू नका. 'शब्दांचींच शस्त्रें' यात रूपक आहे आणि 'श' पुन्हा पुन्हा येतो म्हणून अनुप्रासही. प्रश्नात अर्थालंकार (अर्थावर उभा असलेला) विचारला असेल तर रूपक लिहा, शब्दालंकार (शब्दांवर, अक्षरांवर उभा असलेला) विचारला असेल तर अनुप्रास. नुसता 'अलंकार ओळखा' असेल, तर दोन्ही लिहून प्रत्येकापुढं कारण द्या.