ग्रँडमास्टरचा क्लासिकल डाव घरबसल्या कसा अभ्यासावा

जुलैत रत्नागिरी-मालवणकडे पाऊस धरला की लाइटचा भरवसा नसतो. बुद्धिबळाच्या अभ्यासाला ते सोयीचंच आहे, कारण पहिले दोन तास तुम्हाला संगणकाची गरज नाही आणि तो हाताशी नसलेलाच बरा.

डाव निवडताना क्लासिकलच घ्या, म्हणजे विचाराला भरपूर वेळ असलेला, तासन्‌तास चालणारा. दिव्या देशमुख २०२५चा महिला विश्वचषक जिंकली, पण अंतिम फेरीतले दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले होते आणि निकाल लागला तो जलद डावांत. जलद डाव बघायला झकास, पण शिकताना 'ही चाल का?' याचं उत्तर बऱ्याचदा 'वेळ नव्हता' एवढंच मिळतं. सुरुवातीला मी गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जागतिक अजिंक्यपद लढतीतला १४ वा डाव सुचवेन, सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४. पहिल्या ४० चालींना प्रत्येकी १२० मिनिटं, पुढच्या डावाला ३० मिनिटं आणि ४१व्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर. चाली घेताना प्रत्येक चालीनंतर घड्याळात उरलेला वेळ दाखवणारी प्रत शोधा.

आता पडवीत पट मांडा. लाकडी घडीचा पट या हवेत फुगतो आणि बिजागरीपाशी उचलला जातो, त्यामुळे गुंडाळायचा रेक्झिनचा बरा. पहिल्यांदा सगळा डाव न थांबता खेळून बघा, पंधरा-वीस मिनिटांत. कोण कुठे दाबत होतं एवढं कळलं तरी पुष्कळ.

दुसऱ्या फेरीत खरं काम. जिंकणाऱ्याची, म्हणजे इथे काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या गुकेशची बाजू घ्या, पुढच्या चाली कागदानं झाका आणि प्रत्येक चालीआधी तुमची चाल वहीत लिहा, कारणासकट. 'उंट बाहेर काढला' हे कारण नव्हे. त्या चालीनंतर समोरचा काय करेल, हे लिहिलंत तरच ते चालेल. सुरुवातीच्या दहा-बारा चालींवर मात्र फार रेंगाळू नका, त्या बहुतेक घरून पाठ करून आलेल्या असतात.

मग घड्याळाकडे या. जिथे खेळाडूनं पंधरा-वीस मिनिटं घालवली, तिथे पेन्सिलीनं खूण करा. त्या जागा तुमच्यासाठी निवडून दिलेल्याच आहेत. अशा तीनच घ्या आणि प्रत्येकीवर अर्धा तास बसा, मोहरे न हलवता.

या डावात मी आणखी दोन जागा धरेन. २९व्या चालीला लिरेननं बी पट्टीतलं प्यादं देऊन टाकलं. वजीर उतरले आणि थोड्याच वेळात उरलं ते असं: दोघांकडे एक हत्ती, एक उंट, गुकेशची तीन प्यादी, लिरेनची दोन, सगळी राजाच्या बाजूला. बरोबरी राखता येण्यासारखं, पण तासन्‌तास राखायचं आणि तेही कमी वेळ उरलेला असताना. हा सौदा तुम्ही केला असता का, ते लिहा.

दुसरी जागा म्हणजे ५५वी चाल. तोवर दोन्हीकडचं एकेक प्यादं कटलं होतं आणि लिरेनचा उंट ए ८ वर, पार कोपऱ्यात. त्यानं हत्ती एफ २ वर आणला. गुकेशनं हत्ती मारला, लिरेनच्या राजानं परत मारला आणि मग गुकेशचा उंट डी ५ वर. कोपऱ्यातल्या उंटाला तिरकस पट्टी एकच, आणि तिच्यावरच हा आडवा. जाईल तिथे मार खाणार, म्हणजे उंटांची अदलाबदल टळत नाही. उरतात राजे, काळ्याची दोन प्यादी आणि पांढऱ्याचं एक. ५८व्या चालीनंतर लिरेननं डाव सोडला. अदलाबदलीची प्रत्येक शक्यता 'नुसते राजे-प्यादी उरले तर काय?' असं विचारून तपासायची सवय इथूनच लावून घ्या.

इंजिन, म्हणजे चाली तपासून कोण किती वरचढ आहे ते प्याद्यांच्या हिशेबात सांगणारा संगणकाचा प्रोग्राम, सगळ्यात शेवटी. ते ०.३ चा फरक दाखवत असेल तर दुर्लक्ष करा, आपल्या पातळीवर त्याला अर्थ नाही. आकडा एकदम उडी मारतो तिथे थांबा आणि आधी तुमची वहीतली चाल त्याला खेळायला द्या, त्याची नंतर बघा. तुमची चाल का फसली हे त्याच्या उत्तरातून शोधून वहीत, त्याच पानावर, लाल शाईनं लिहा. पावसाळ्यात जेल पेन नको, शाई पसरते.