दोन मजली केक: आतले खांब, मधला बोर्ड आणि नागपूरचं ऊन

उंच केकचं वजन स्पंजवर टाकायचं नसतं. स्पंज म्हणजे हवेची जाळी. चार-पाच इंचांपर्यंत तो स्वतःचा भार पेलतो, त्यापुढे खालचा थर चेपतो आणि मधलं क्रीम वाट मिळेल तिकडून बाहेर येतं. म्हणून दर चार ते पाच इंचांना एक बोर्ड आणि त्या बोर्डाखाली खांब हवेतच. आठ इंच उंचीचा सरळसोट केक असो की खाली आठ इंची आणि वर सहा इंची असा दोन मजली, हिशोब तोच. सहा इंची टिनचा, पाच इंच उंचीचा भरलेला केक सव्वा किलोच्या आसपास भरतो. एवढं ओझं खालच्या क्रीमवर ठेवून आपण तो लॉनवर तीन तास उभा करणार असतो.

स्पंज आदल्या दिवशी भाजा. पूर्ण गार झाला की क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. गार स्पंज दातेरी सुरीने स्वच्छ कापला जातो. ताजा स्पंज भुगा सोडतो आणि थर वाकडे निघतात. खालच्या मजल्याला बटर स्पंजच घ्या, शिफॉनसारखा हलका नको. कंडेन्स्ड मिल्कचा एगलेस चालतो, फक्त तो गार असतानाच हाताळा, नाहीतर कडा तुटतात. प्रत्येक थर एक इंचाचा. असे चार थर आणि मध्ये सहा-सहा मिलिमीटरची तीन फिलिंग मिळून पावणेपाच इंच होतात. फुगलेला माथा आधी कापून टाका, तो क्रीमने भरून सपाट करायच्या फंदात पडू नका. साखरेचा पाक एक भाग साखर, दोन भाग पाणी असा पातळ करा. आठ इंची थराला तीन मोठे चमचे, सहा इंचीला दोन. जास्त पाजला की थर एकमेकांवरून घसरतात.

फिलिंग मऊ असेल तर आधी कडेने बांध घाला, शेताला घालतात तसाच. घट्ट गनाशची (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) एक सेंटीमीटर जाड वळी पाइप करा आणि आतलं फिलिंग बांधाच्या थोडं खालीच ठेवा. संत्र्याच्या फिलिंगला तर हा बांध लागतोच. ते असं करा: २०० मिली रस, ५० ग्रॅम साखर आणि २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर गारच असताना एकजीव करा, मग सतत ढवळत बुडबुडे येईपर्यंत आणि पुढे एक मिनिट शिजवा, गॅस बंद करून २० ग्रॅम बटर घाला. बिया आणि पांढरा पापुद्रा रसात जाऊ देऊ नका, फार वेळ उकळूही नका, कडवट होतं. कच्च्या फोडी थरात घालण्याचा मोह मार्च महिन्यात मृग बहराची फळं आली की होतोच, पण त्यांचं पाणी सुटतं. फोडी वरच्या सजावटीला ठेवा.

बाहेरच्या लेपाबद्दल स्पष्ट सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये व्हीप क्रीमचा उंच केक लॉनसाठी घेऊ नका. बटरक्रीमही नको: बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं आणि आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. गनाश घ्या. एरवी दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम पुरतं, उन्हाळ्यात तीनास एक करा. व्हाइट चॉकलेटसाठी चारास एक. अमूल फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के फॅट असतं, गनाशला ते चांगलं चालतं. कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं) उन्हात जास्त टिकतं, चवीला मात्र खऱ्या चॉकलेटची सर नाही.

आणि काम कूलरच्या खोलीत करू नका. कूलर हवा थोडी गार करतो, पण तिच्यात पाणीही सोडतो. फॉन्डंट (साखरेचं लाटून लावायचं आवरण) त्या ओलाव्याने चिकट होतं आणि फ्रीजमधून काढलेल्या केकवर घाम जमतो. एसी २२-२४ वर लावलेली बंद खोली हवी.

थर रचून झाले की वर एक बोर्ड आणि त्यावर अर्ध्या किलोचा पुडा ठेवून एसीतच तासभर राहू द्या. आत अडकलेली हवा निघते, केक बसतो. हे टाळलं की दुसऱ्या दिवशी कडेला पोट सुटतं आणि लेपाखाली फुगा दिसतो. मग पातळ क्रम्ब कोट (भुगा धरून ठेवणारा पहिला लेप), अर्धा तास फ्रीज, त्यावर शेवटचा लेप.

आता खांब. त्यासाठी स्ट्रॉ वापरायचा विचार असेल, तर प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ केकच्या ओलाव्याने तासाभरात मऊ पडते, तेव्हा दोन्हींचा नाद सोडा. केकसाठी मिळणारे पोकळ फूड-ग्रेड डॉवेल (आधाराच्या गोल दांड्या) किंवा लाकडी डॉवेल आणा.

खालचा केक गार करून घ्या. त्याच्या मधोमध सहा इंची रिकामा बोर्ड हलका टेकवा आणि टूथपिकने कडेभोवती खूण करा. खुणेच्या अर्धा-पाऊण इंच आत चार डॉवेल आणि मधे एक, असे पाच. पहिला डॉवेल केकच्या सगळ्यात उंच भागात सरळ खाली, तळाच्या बोर्डाला टेकेपर्यंत घाला. लेपाच्या पातळीवर पेनाने खूण करून बाहेर काढा, कापा आणि बाकीचे चारही त्याच मापाने कापा. प्रत्येक भोकाचं वेगळं माप घेऊ नका. केक वाकडा असेल तर खांबही वाकडेच कापले जातील. कापलेले डॉवेल टेबलावर उभे करून शेजारी-शेजारी बघा: दहा सेंटीमीटर अंतरावरच्या दोन खांबांत दोन मिलिमीटरचा फरक असला तरी पंधरा सेंटीमीटर उंचीवर माथा तीन मिलिमीटर सरकतो, आणि फोटोत तो दिसतो.

खांब आखूड राहिले तर वरचा भार क्रीमवर येतो, खालच्या मजल्याच्या कडेला आडवी चीर पडते. लांब राहिले तर दोन मजल्यांत फट दिसते. ती पाइपिंगने झाकता येते. त्यामुळे चुकायचंच असेल तर एक मिलिमीटर लांब.

वरच्या मजल्याखाली त्याच मापाचा कडक बोर्ड हवा. सोनेरी पातळ पुठ्ठा असेल तर दोन चिकटवून घ्या, एकटा मधे झुकतो. सगळ्यात खाली बारा इंची, किमान सहा मिलिमीटर जाडीचा एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडाचा) बोर्ड. खालच्या केकवर चमचाभर गनाश लावा, वरचा मजला रुंद पॅलेट नाइफवर उचलून ठेवा आणि गवंडी लावतो ती लेव्हल बॉटल माथ्यावर ठेवून पहा. तीन मजले असतील, किंवा रचूनच न्यायचा असेल तर सगळ्या बोर्डांना आधीच मधोमध भोक पाडून ठेवा आणि टोक काढलेला सहा मिलिमीटरचा लाकडी डॉवेल वरून खालपर्यंत ठोका. मग पाच खांबांतला मधला काढून त्या जागी हाच.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी फ्रीजचा कप्पा मोजा, बोर्ड आणि डब्यासकट. मधली जाळी काढावी लागतेच. लाईट गेली तर दार उघडू नका.

वर्धा रोडवरून कामठी रोडच्या लॉनवर केक न्यायचा असेल तर मजले वेगळे न्या, तिथे रचा. सीटवर ठेवू नका, ती मागे उतरती असते. डिकीच्या सपाट तळावर नॉन-स्लिप मॅट आणि त्यावर डबा. गाडीचा एसी वीस मिनिटं आधी सुरू ठेवा आणि डिकी बंद केबिनच्या बाहेर असेल तर पुढच्या सीटसमोरची पाय ठेवायची जागा वापरा.

डबा देताना घरच्यांच्या हाती चिठ्ठी द्या: आत किती डॉवेल आहेत, आणि कापण्याआधी वरचा मजला बोर्डासकट उचलून ते मोजून काढायचे. लहान मुलांच्या ताटात लाकडाचा तुकडा जायला नको.