एनआर सगळ्यात शेवटी लावा: एचएफ रिगवर खरखर कमी करायची पद्धत

नवीन रिग (हॅम रेडिओचा शॉर्टवेव्ह, म्हणजे एचएफ सेट) आली की पहिल्याच आठवड्यात एनआरचं (नॉइज रिडक्शन, खरखर कापणारी सोय) बटण दाबलं जातं, खरखर एकदम खाली बसते, शॅकच्या (रेडिओच्या खोलीच्या) शेजारच्या खोलीतले पण म्हणतात चला आता बरं झालं, आणि मग ते बटण कायमचं चालूच राहतं, लेव्हल पण वर चढवलेली. मी पण दीड-दोन वर्षं असंच वापरलं. मग एकदा ४० मीटर बॅंडवर केरळकडचं एक बारीक स्टेशन घेतलं, समोरचा नुसती अक्षरं सांगत होता, मी कॉलसाइनमध्ये (स्टेशनच्या ओळखीच्या अक्षर-आकड्यांत) एफ लिहिला आणि तो एस होता. चार वेळा विचारूनसुद्धा चुकीचंच लिहिलं. नंतर सहज एनआर बंद केला तर खरखरीतून स्वच्छ एस ऐकू आला. तेव्हापासून माझा नियम ठरला, खरखर किती कमी झाली हे बघायचंच नाही, कॉलसाइन कळतोय का एवढंच बघायचं.

असं का होतं ते आधी समजून घ्या म्हणजे नॉब फिरवताना डोकं चालेल. बऱ्याच रिगमधला एनआर आवाजाचं पुढचं सॅम्पल (पुढचा बारीक तुकडा) काय येणार याचा अंदाज बांधत असतो, बोलण्यातले स्वर एका लयीत येतात म्हणून त्यांचा अंदाज बांधता येतो आणि ते ठेवले जातात, खरखरीला काही लय नसते म्हणून ती कापली जाते. आता तोंडाने नुसता स्स्स्स करून बघा, तो आवाज म्हणजे जवळजवळ खरखरच आहे ना? श, फ, थ पण तसेच. त्यामुळे लेव्हल जास्त झाली की खरखरीबरोबर ही अक्षरंही जातात आणि माणूस रिकाम्या माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो.

आता करायचं कसं. मी आयकॉमची आयसी-७३०० धरून सांगतोय कारण ती माझ्यासमोर आहे, पण क्रम कुठल्याही रिगला हाच. एनआर, एनबी (नॉइज ब्लॅंकर, टकटक कापणारा), नॉच (शिट्टी कापणारा) सगळं बंद करा, प्रीॲम्प (येणारा सिग्नल आधीच वाढवणारा) पण बंद. ४० आणि ८० मीटरवर प्रीॲम्पची गरज पडतच नाही म्हटलं तरी चालेल, खात्री करायची तर ॲंटेनाची कोॲक्स केबल काढून बघा, काढल्यावर खरखर धपकन खाली गेली तर रिग आधीच पुरेशी ऐकतेय, प्रीॲम्पने सिग्नल आणि खरखर दोन्ही सारखेच वाढतील, हाती काहीच लागणार नाही. मग आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) हळूहळू कमी करत जा, एस मीटरचा (सिग्नलची ताकद दाखवणारा) पट्टा वर सरकायला लागेल, तो बॅंडच्या खरखरीच्या पातळीच्या जरा वर आला की थांबा आणि एएफ गेन (आवाजाचा व्हॉल्यूम) थोडा वाढवून घ्या. शब्दांच्या मधल्या जागेत जी खरखर उसळून येते ती एवढ्यानेच बरीच बसते आणि समोरच्याच्या आवाजाला धक्का लागत नाही. हे फुकटचं आहे आणि लोक हेच करत नाहीत.

पुढचं फिल्टर, म्हणजे किती रुंद पट्टा ऐकायचा ते. एसएसबीला (बोलण्याच्या मोडला) ७३०० मध्ये ३.०, २.४ आणि १.८ किलोहर्ट्झ असे तीन मिळतात. ३.० वरून २.४ वर आलात तर खरखर साधारण १ डीबी (डेसिबल) कमी होते, १.८ वर २ डीबीच्या जरा वर. ऐकायला थोडं वाटतं पण बाजूच्या स्टेशनचा चिवचिवाट जातो तो फायदा मोठा. मोर्सला तर फिल्टरच खरा एनआर आहे, २.४ किलोहर्ट्झवरून २५० हर्ट्झवर आलात की जवळपास १० डीबी सुटतात, तिथे एनआर लावायची वेळ क्वचितच येते.

मग एनबी. एनबी आणि एनआर यांची गल्लत फार होते. एनबी टकटक मारतो, एनआर सततची सरसर मारतो. वीजेच्या खांबावरचा सैल इन्सुलेटर, रस्त्यावरच्या स्कूटरची ठिणगी, ही सगळी टोकदार टकटक, आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज असल्याने लाइनची घरघर सेकंदाला १०० वेळा येते. कोकणात किनाऱ्याजवळ तर खारं वारं बसून इन्सुलेटरवर थर जमतो, पहिल्या पावसाआधी ती घरघर फार वाढते. एनबी बटण दाबून धरलं की लेव्हल, डेप्थ आणि विड्थ उघडतात, नुसती लेव्हल वाढवत जा आणि टकटक थांबली की तिथेच सोडा. संध्याकाळी ४० मीटरवर जवळपासची दणदणीत स्टेशनं असतात, एनबी त्यांनाच टकटक समजून कापायला लागतो आणि सगळ्या बॅंडवर आवाज फाटल्यासारखे येतात, असं झालं तर समोरच्याच्या ऑडिओला नावं ठेवण्याआधी आपला एनबी बंद करून बघा. वळवाच्या विजांचा कडकडाट मात्र एनबीने जात नाही, तो लांबलचक असतो. त्या दिवसांत एजीसी (मोठ्या सिग्नलला रिसीव्हर आपोआप दाबणारी सोय) फास्ट किंवा मिड ठेवा, कारण स्लो ठेवलात तर प्रत्येक कडाडण्यानंतर रिसीव्हर क्षणभर बहिरा होतो आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी कॉलसाइन सांगत असतं.

कोणी कॅरियर (नुसता सलग सिग्नल) टाकून ट्यून करत असेल, शिट्टी येत असेल, तर तिथेही एनआर कामाचा नाही, उलट शिट्टी ही सगळ्यात लयीतली गोष्ट म्हणून तो तिला सांभाळून ठेवतो. तिथे ऑटो नॉच लावायचा, तो हेच गणित उलटं करतो, जे अंदाजात येतं ते काढून टाकतो. मोर्समध्ये मात्र हवा असलेला सिग्नल म्हणजेच शिट्टी, म्हणून तिथे मॅन्युअल नॉचच.

एवढं झाल्यावर आता एनआर. एनआर बटण सेकंदभर दाबून धरा, लेव्हल ० ते १५ दिसते. शून्यावरून सुरू करा, एखादं मध्यम ताकदीचं स्टेशन पकडा आणि एकेक पायरी चढवा. बहुतेक वेळा ३ ते ५ च्या मध्ये कान सुखावतात, ७-८ च्या पुढे स आणि फ पुसट व्हायला लागतात. जिथे अक्षर पुसट वाटलं तिथून दोन पायऱ्या खाली या आणि तिथेच सोडून द्या. एस मीटर बघून ठरवू नका, हे काम कानाचंच आहे. तासन् तास नेटवर (ठरलेल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमणाऱ्या हॅमच्या गप्पांत) बसायचं असेल, सगळी स्टेशनं मजबूत असतील तर ६ पण चालतो, कान थकत नाहीत. पण एकदम तळातलं स्टेशन काढायचं असेल तेव्हा एनआर बंद, डोळे मिटून ऐका, कान आणि मेंदू मिळून जे ओळखतात ते या सर्किटला जमत नाही असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या कंपन्यांच्या रिगवर आकड्यांचा अर्थ वेगळा असतो हे लक्षात ठेवा. याएसूच्या एफटी-९९१ए वर डीएनआर (त्यांचा एनआर) १ ते १५ आहे पण ते कमी-जास्त असं नाही, प्रत्येक आकड्याला वेगळा अल्गोरिदम आहे, त्यामुळे ४ आवडला नाही म्हणून ५ पण आवडणार नाही असं नसतं, सगळे ऐकून बघायचे. केनवूडच्या टीएस-५९० ला एनआर१ आणि एनआर२ आहेत, बोलण्याला १, आणि २ मोर्सच्या बारीक सिग्नलला, एसएसबीला २ लावलात तर शब्द कळणार नाहीत.

एफटी८ (कॉम्प्युटरने छोटे मेसेज पाठवायचा-वाचायचा मोड) किंवा कुठलाही डिजिटल मोड चालवायचा असेल तर एनआर बंदच, तिथे ऐकणारा कॉम्प्युटर आहे, त्याला कच्चा सिग्नलच द्यायचा. रात्री गप्पा मारताना लावलेला एनआर तसाच राहतो आणि सकाळी डीकोड (कॉम्प्युटरने वाचलेले मेसेज) कमी का येतात म्हणून आपण ॲंटेना तपासत बसतो, स्क्रीनवर आधी एनआर लिहिलेलं दिसतंय का बघा.

आणि एक, खरखर जिथून येते तिथेच मारता आली तर एवढं सगळं करावंच लागत नाही. आपल्याकडे लाइट जाते त्याचा उपयोग करून घ्या. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून ठेवा, नुसतं ऐकायला ७३०० साधारण १ ॲंपिअर घेते, म्हणजे स्कूटरची बॅटरीसुद्धा तासभर पुरते. सगळ्या एरियाची लाइट गेली की एस मीटर किती आहे ते लिहून घ्या. लाइट आल्यावर मेन स्विच बंद करून परत बघा, मग एकेक एमसीबी चढवत जा. माझ्याकडे अंधारात एस२ होता आणि सगळं चालू केल्यावर एस७, म्हणजे ५ एस युनिट, एका युनिटचे ६ धरले तर ३० डीबी. त्यातलं अर्धं तरी हॉलमधल्या दोन स्वस्त एलईडी बल्बांचं आणि एका मोबाइल चार्जरचं होतं. बल्ब बदलले, चार्जरच्या वायरला मिक्स ३१ च्या टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) सात-आठ वेढे मारले, आणि आता दिवसा ४० मीटरवर माझा एनआर बहुतेक वेळा बंदच असतो.