पावसात कान्हेरीला पायी, पाण्याच्या मागावर

सोमवारी जाऊ नका. नॅशनल पार्क बंद, आतली कान्हेरीची बौद्ध लेणीही बंद. मी एकदा भाच्याला घेऊन सोमवारीच गेटवर पोचले होते. "मावशी, फोनवर बघायचं ना!" हे त्याचं वाक्य मला अजून ऐकावं लागतं.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असं पूर्ण नाव आमच्या बोरिवलीत कोणी घेत नाही, नॅशनल पार्क म्हटलं की झालं. स्टेशनच्या पूर्वेला उतरून पंधरा-वीस मिनिटं चाला, हायवे लागला की गेट आलंच. मेट्रोने येणाऱ्यांसाठी 'राष्ट्रीय उद्यान' स्टेशन आहे. गेटपासून लेणी साधारण ६ किलोमीटर. बस जाते, पण जाताना पायी जा आणि येताना बस घ्या. उलटं केलंत तर उतारावर गुडघे बोलतात आणि नदीही नीट बघून होत नाही.

ती नदी म्हणजे दहिसर. दहिसरला पुलावरून बघताना आपण तिला नाला म्हणतो, नाकाला रुमाल लावतो. ही तीच, पण इथे दगडांवरून खळखळत येते. तुळशी तलावाच्या बाजूला उगम पावते आणि शेवटी मनोरीच्या खाडीला मिळते. काठावर उभं राहून बघा, पाण्यात उतरू नका. वर सर आली की खाली पाणी किती झटकन चढतं ते मी पाहिलंय. आषाढातला धो-धो पाऊस टाळा. श्रावणातली ऊन-पावसाची सकाळ उत्तम.

पायात मागे पट्टा असलेल्या, खाचांच्या तळाच्या सँडल. रबरी चप्पल नकोच. कातळावरचं शेवाळं कोणाला ओळखत नाही, माझं कोपर साक्षीला आहे. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण वर चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. डबा पिशवीच्या आत, चेन लावून. माझी दोन थालीपिठं माकडाने नेली, लोणचं तेवढं ठेवलं.

लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. लेणी शंभरावर आहेत, सगळी बघायच्या फंदात पडू नका. आधी क्रमांक ३चं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन: सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, ओसरीच्या दोन्ही टोकांना सातेक मीटर उंचीचे बुद्ध. तिथून निघालात की मूर्ती बाजूला ठेवा आणि पायाखाली बघा. कातळात बोटभर, कुठे वीतभर रुंद चर कोरलेले दिसतील. एक चर धरा आणि पाणी जाईल तसे जा. लेण्याच्या कपाळावरून उतरून तो तुम्हाला टाक्याशी नेऊन सोडतो. जवळजवळ प्रत्येक विहाराला, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्याला, असं टाकं आहे. इथल्या जुन्या शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हणतात, आणि कोणी ती दान दिली तेही कोरून ठेवलेलं असतं. चार महिन्यांचा पाऊस साठवून बाकीचे आठ काढायचे, हा भिक्षूंचा हिशोब. कोरड्या दिवसांत गेलात तर हे चर नुसत्या रेघा वाटतात. म्हणून म्हणते, पावसातच जा.

डोंगरमाथ्यापर्यंत पायऱ्या खोदलेल्या आहेत. ओल्या असतात, काठाकाठाने चढा.

उद्यानातलीच शिलोंड्याची पायवाट कोणी सुचवली तर आपापले घुसू नका. तिथे परवानगी आणि सोबतीला वाटाड्या लागतो, चौकशी उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात करा. जंगल बिबट्याचं आहे, त्यामुळे लहान मुलांना पुढे पळू देऊ नका आणि काळोखाच्या आत गेटबाहेर पडा.

परतीच्या बसची वेळ लेण्यांचा डोंगर चढायच्या आधीच विचारून घ्या. खाली काकडीवाली दिसली तर सुटे पैसे हाताशी असू द्या, आणि मीठ-तिखट भरपूर लावायला सांगा.