एक पीसी, अनेक युजर: सॉफ्टवेअर टाकण्याची तयारी

विंडोजच्या पीसीवर सगळ्या युजरना चालेल असं सॉफ्टवेअर टाकायचं असेल, तर सगळ्यात आधी एक कोरं स्टँडर्ड अकाउंट बनवा, म्हणजे ॲडमिनचे अधिकार नसलेलं. सॉफ्टवेअर डाउनलोड करायच्याही आधी. नाव काहीही द्या, समजा 'टेस्ट'. क्लासमधला पीसी असो, सीएच्या ऑफिसात दोन शिफ्टमध्ये चालणारं मशीन असो की पेठेतल्या अभ्यासिकेतला सामायिक संगणक, हे अकाउंट तयार झाल्याशिवाय कामाला हात लावू नका. पुढे प्रत्येक सॉफ्टवेअर टाकून झालं की ॲडमिनमधून साइन आउट व्हायचं, 'टेस्ट'मध्ये शिरायचं, ते सॉफ्टवेअर उघडायचं, एक फाइल बनवून सेव्ह करायची, बंद करून पुन्हा उघडायची. ॲडमिनच्या अकाउंटमध्ये सगळंच चालतं, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि कोरं म्हणजे खरंच कोरं. रोजच्या वापरातलं एखादं स्टँडर्ड अकाउंट तपासणीला चालत नाही. त्यात कुणीतरी तेच सॉफ्टवेअर पूर्वी स्वतःपुरतं टाकून ठेवलेलं असतं. मग तुमचं इन्स्टॉलेशन फसलेलं असलं तरी जुनी प्रत उघडते आणि काम झालं असं वाटतं. सोमवारी बाकीच्या अकाउंटमध्ये आयकॉनसुद्धा नसतो.

ॲडमिन एकच ठेवा, बाकी सगळे स्टँडर्ड. अकाउंटची नावं रोमन लिपीत, छोटी, मध्ये स्पेस न देता. पहिल्यांदा साइन इन होताना सी ड्राइव्हच्या 'युजर्स'मध्ये त्या नावाचा फोल्डर बनतो आणि नंतर अकाउंटचं नाव बदललं तरी फोल्डरचं बदलत नाही. देवनागरी नावाच्या फोल्डरवर जुने कंपायलर आणि जुनी हिशोबाची सॉफ्टवेअर अडकतात, 'फाइल सापडत नाही' म्हणतात, आणि कारण शोधण्यात दुपार जाते. लोकल अकाउंटसाठी सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', तिथे 'अदर युजर्स', मग साइन-इनची माहिती नाही असं सांगायचं आणि 'ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'.

आत्ता फक्त 'टेस्ट' बनवा. कर्मचाऱ्यांची किंवा विद्यार्थ्यांची अकाउंट मराठी कीबोर्ड बसवल्यानंतर, त्याचं कारण खाली येईल.

बॅकअप, सी ड्राइव्हवर मोकळी जागा, अडकलेले विंडोज अपडेट: हे माहीत असतं, करून टाका. रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीत नेण्याची सोय) मात्र मुद्दाम बघा, कारण त्यासाठी लागणारं 'सिस्टम प्रोटेक्शन' बऱ्याच मशीनवर बंदच असतं. मशीन अजून विंडोज १० वर असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. चार जणांसाठी सगळं बसवून मग विंडोज बदलण्यापेक्षा आधी तो निर्णय घ्या. गुरुवार टाळा. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची असली की बहुधा गुरुवारच निवडतात, आणि इन्स्टॉलेशन अर्ध्यावर तुटलं तर ते नीट काढताही येत नाही.

सुरुवात करताना मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू केलेलं चालणार नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. मग टास्क मॅनेजरमध्ये 'युजर्स' हा टॅब उघडून दुसरं कुणी साइन इन राहिलंय का बघा. 'स्विच युजर' करून उठून गेलेल्या माणसाची सॉफ्टवेअर मागे चालूच असतात, फाइल धरून ठेवतात, आणि इन्स्टॉलर 'ॲप्लिकेशन बंद करा' म्हणत बसतो. तुमच्या स्क्रीनवर तर काहीच उघडं नसतं.

सेटअपच्या फाइल सी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा. नेटवर्क ड्राइव्हवरून थेट चालवू नका. झेड किंवा वाय असं अक्षर दिलेला ड्राइव्ह ज्याच्या अकाउंटमध्ये जोडला त्यालाच दिसतो. ॲडमिनचे अधिकार घेऊन इन्स्टॉलर सुरू झाला की त्याला तो ड्राइव्ह सापडत नाही.

आता मुख्य गोष्ट. सॉफ्टवेअर दोन ठिकाणी बसू शकतं. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसलं तर सगळ्यांचं. 'युजर्स'मधल्या तुमच्या फोल्डरात, 'ॲपडेटा'च्या आत बसलं तर फक्त तुमचं. इन्स्टॉलर 'सगळ्यांसाठी की फक्त माझ्यासाठी' असं विचारतो तेव्हा प्रश्नच नाही. न विचारणारे जास्त आहेत, आणि ॲडमिनचा पासवर्ड मागितला नाही ही पहिली खूण: पासवर्ड किंवा 'येस'ची खिडकी न येता काही बसलं, तर ते तुमच्यापुरतंच बसलं आहे.

दुसरी चूक याहून वाईट. स्टँडर्ड अकाउंटमध्ये बसून सेटअपवर डबल क्लिक करायचं आणि खिडकी आली की ॲडमिनचा पासवर्ड टाकायचा. हे करू नका. त्या क्षणापासून इन्स्टॉलर ॲडमिनच्या नावाने चालतो. 'फक्त माझ्यासाठी'तला 'मी' म्हणजे मग ॲडमिन. आयकॉन, सेटिंग, कधीकधी लायसन्ससुद्धा ॲडमिनच्या प्रोफाइलमध्ये जातं, आणि समोर बसलेल्या माणसाला काहीच मिळत नाही. ॲडमिनमध्ये रीतसर साइन इन करूनच टाका, आणि तपासायला 'टेस्ट'मध्ये जा.

व्हीएस कोडच्या डाउनलोड पानावर मोठं बटण 'युजर इन्स्टॉलर'चं असतं; तुम्हाला 'सिस्टम इन्स्टॉलर' हवा, तो खाली छोट्या अक्षरांत आहे. क्रोमला ॲडमिनची परवानगी नाकारली तरी तो त्या युजरपुरता बसायची तयारी दाखवतो, त्यामुळे प्रत्येकाकडे वेगळी प्रत असलेली मशीन सर्रास सापडतात. अशी जुनी प्रत आधी काढायची, आणि तीही ज्याची आहे त्याच्याच अकाउंटमध्ये साइन इन करून, कारण दुसऱ्याच्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स'च्या यादीत ती दिसत नाही. एमएसआय फाइल (विंडोजच्या ठरलेल्या साच्यातला इन्स्टॉलर) मिळत असेल तर तीच घ्या आणि कमांडमध्ये 'ऑलयुजर्स'ची किंमत १ द्या. विंगेट (कमांड लिहून सॉफ्टवेअर उतरवणारं विंडोजचं साधन) वापरत असाल तर स्कोप 'मशीन' द्या. एखाद्या पॅकेजला तसा इन्स्टॉलरच नसेल तर तो तिथल्या तिथे नाही म्हणतो.

पायथनवर थोडं थांबा, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये हेच सगळ्यात जास्त चुकतं. पायथनच्या अधिकृत इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर ॲडमिनच्या अधिकारांचा एक चौकोन असतो. तो फक्त पायथन सुरू करून देणाऱ्या 'पाय' नावाच्या छोट्या लाँचरसाठी आहे. त्यावर टिक आहे म्हणून पायथन सगळ्यांसाठी बसतंय असं समजू नका. 'कस्टमाइझ इन्स्टॉलेशन'मध्ये जा, त्यातल्या दुसऱ्या पानावर ('ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स') 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' टिक करा, आणि खालचा पत्ता 'ॲपडेटा'वरून 'प्रोग्रॅम फाइल्स'वर बदलला का ते डोळ्यांनी वाचा. पायथनचा नवा 'इन्स्टॉल मॅनेजर' घेऊ नका, तो प्रत्येक युजरच्या प्रोफाइलमध्ये वेगळं पायथन उतरवतो. मग नमपाय, पांडास वगैरे सामायिक पॅकेज. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडूनच पिप (पायथनची पॅकेज उतरवणारं साधन) चालवा. साध्या प्रॉम्प्टमधून चालवलं तर पिप एक ओळ लिहून पॅकेज तुमच्या प्रोफाइलमध्ये ठेवतो, आणि ती ओळ कुणी वाचत नाही. झालं की 'टेस्ट'मध्ये जाऊन 'इम्पोर्ट पांडास' लिहून बघा. ॲडमिनमध्ये नाही, 'टेस्ट'मध्ये. पाथ आणि जावा-होम (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरात आहेत ते सांगणारी सेटिंग) 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स'च्या खिडकीत खालच्या, 'सिस्टम व्हेरिएबल्स'च्या चौकटीत हवेत. वरची चौकट फक्त तुमची.

मराठी फॉन्ट. २०१८ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर तो तुमच्यापुरताच बसतो. विंडोज ११ मध्येही तसंच. 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' हा वेगळा पर्याय आहे, ११ मध्ये तो 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे असतो. श्रीलिपीच्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये केलेली पत्रिका फॉन्ट नसलेल्या अकाउंटमध्ये उघडली की सगळा मजकूर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, आणि माणूस फाइल खराब झाली समजून पुन्हा टाइप करायला बसतो. फॉन्ट टाकले की 'टेस्ट'मध्ये तीच पत्रिका उघडा.

कीबोर्ड प्रत्येक युजरचा वेगळा असतो. ॲडमिनमध्ये मराठी कीबोर्ड जोडा, मग 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज'मध्ये 'कॉपी सेटिंग्ज' आणि तिथे 'न्यू युजर अकाउंट्स'वर टिक. हे फक्त यापुढे बनणाऱ्या अकाउंटना लागू होतं, म्हणून बाकीची अकाउंट आता बनवा. 'वेलकम स्क्रीन'वर टिक करू नका. साइन इनच्या पानावर मराठी कीबोर्ड आला तर रोमन अक्षरांतला पासवर्ड टाइप होत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरचा डेटा. शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, दवाखान्याची नोंदवही, अशी जुनी ३२-बिट सॉफ्टवेअर आपली डेटा फाइल 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये स्वतःशेजारीच लिहायला बघतात. स्टँडर्ड युजरला तिथे लिहिता येत नाही. विंडोज एरर देत नाही, गुपचूप त्या युजरच्या 'ॲपडेटा'तल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरात वेगळी प्रत करून देतं. सकाळच्या क्लार्कने भरलेल्या पावत्या संध्याकाळच्या क्लार्कला दिसत नाहीत, दोघंही स्वतःला बरोबर समजतात, आणि महिनाअखेरीस दोन वेगळे हिशोब हातात येतात. सगळ्यांना ॲडमिन करणं हा उपाय नव्हे. डेटाचा पत्ता बदलता येत असेल तर डी ड्राइव्हवर किंवा 'प्रोग्रॅमडेटा'मध्ये फोल्डर करा, प्रॉपर्टीज, 'सिक्युरिटी', 'एडिट', आणि 'युजर्स' या गटाला 'मॉडिफाय' द्या. 'प्रोग्रॅमडेटा'त ठेवलं म्हणून आपोआप जमत नाही: एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही. पत्ता बदलता येत नसेल तर फक्त त्या डेटाच्या फोल्डरला 'मॉडिफाय' द्या, सबंध प्रोग्रॅमच्या फोल्डरला नको. इथे 'टेस्ट' एकटं पुरत नाही: 'टेस्ट'मध्ये एक पावती भरा, दुसऱ्या स्टँडर्ड अकाउंटमध्ये ती दिसते का आणि दुरुस्त होते का बघा. ही तपासणी सोडून पीसी कुणाच्या ताब्यात देऊ नका.

प्रिंटर आयपी पत्त्याने (नेटवर्कवरच्या त्याच्या स्वतःच्या पत्त्याने) जोडला तर सगळ्यांना मिळतो. शेजारच्या पीसीवरचा शेअर केलेला जोडला तर ज्याने जोडला त्यालाच. डीफॉल्ट प्रिंटर प्रत्येकाचा वेगळा, तो ज्याच्या त्याच्या अकाउंटमध्ये ठरवा.

डेस्कटॉपवरचे आयकॉन 'युजर्स'मधल्या 'पब्लिक'च्या डेस्कटॉप फोल्डरात टाका. मायक्रोसॉफ्ट ऑफिस एकदा बसलं की सगळ्यांना दिसतं, पण मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर कुणाच्या सबस्क्रिप्शनवर साइन इन करायचं ते आधीच ठरवा. पीडीएफ कशात उघडायची हे प्रत्येकाला स्वतः निवडावं लागतं. स्टोअरमधली ॲप ज्याची त्याने घ्यायची. नेटवर्कवर बोलणारं सॉफ्टवेअर ॲडमिनमध्ये एकदा चालवून फायरवॉलला परवानगी द्या. अपडेटची ॲडमिन खिडकी स्टँडर्ड युजरला येतच राहणार, महिन्याचा एक दिवस धरून सगळे अपडेट एकत्र उरका. आणि हो, अपडेटनंतरही 'टेस्ट'.

कागदावर लिहून ठेवा: सॉफ्टवेअर, आवृत्ती, कुठल्या फोल्डरात बसलं, लायसन्स की, तारीख. ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेला, म्हणजे विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद केलेला असेल तर त्याची रिकव्हरी की पण. हा कागद पीसीच्या कॅबिनेटवर चिकटवू नका, कपाटात कुलपात ठेवा.