जावा, पीएचपी, पायथन, डॉट नेट: चार टीमना एकच वेब मानक कसं पटवायचं

जावावाल्यांना पीएचपीवाल्यांचे नियम नको असतात आणि डॉट नेटवाल्यांना दोघांचेही. म्हणून कोणाच्या कोडच्या आतल्या रचनेबद्दल बोलूच नका. सर्व्हरमधून बाहेर जे पडतं, म्हणजे एचटीएमएल, जेसॉन आणि एचटीटीपीची उत्तरं, तेवढ्यापुरतंच बोला. वेब मानकं, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर दोघांनी पाळायचे सामाईक नियम, तिथेच लागू होतात आणि तिथे भाषेचा अभिमान आड येत नाही.

सुरुवात भाषणाने नको, प्रयोगाने करा. ‘नमस्कार’ हा शब्द घ्या आणि त्याची लांबी प्रत्येक टीमला आपापल्या भाषेत मोजायला सांगा. जावा, पायथन आणि जावास्क्रिप्ट ७ सांगतील. पीएचपीचं लांबी मोजणारं स्ट्रलेन २१ सांगेल, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. आता नावाच्या रकान्याला २० ची मर्यादा असेल, तर एका सेवेने स्वीकारलेलं नाव दुसरी नाकारणार. पीएचपीत एमबी-स्ट्रलेन वापरलं की हा फरक मिटतो, पण इमोजी आला की पुन्हा फाटा फुटतो: एका साध्या हसऱ्या चेहऱ्याची लांबी पायथन १ सांगतं, जावा २. त्यामुळे मर्यादा युनिकोड कोडपॉइंटमध्ये (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांत) मोजायची, हे एपीआयच्या, म्हणजे सेवांनी एकमेकींशी बोलायच्या, करारातच लिहून टाका. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्येही असाच एक दोष दडून बसतो. तिथलं जुनं ‘यूटीएफ-८’ फक्त ३ बाइटपर्यंतचं आहे. मराठी मजकूर त्यात नीट बसतो, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ४ बाइटचा इमोजी आला की नोंद अडते. टेबलं यूटीएफ-८-एमबी-४ वर न्या.

तारखेचा प्रयोग याहून बोलका आहे. जावातला लोकल-डेट-टाइम, पायथनमधला टाइमझोन नसलेला डेटटाइम, डॉट नेटमधला अनस्पेसिफाइड डेटटाइम: या तिन्हींतून वेळ बाहेर पडते ती ऑफसेटशिवाय (यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक न सांगता), आणि ब्राउझर ती वाचणाऱ्याच्या स्थानिक घड्याळाची समजतो. नुसती तारीख पाठवली तर उलटं होतं. जावास्क्रिप्टचा डेट ती यूटीसीची मध्यरात्र धरतो. ‘२०२५-०१-२६’ पुण्यात २६ तारखेची पहाटेची साडेपाच दिसते, न्यू जर्सीत मात्र २५ तारखेची संध्याकाळ. भारतात बसून चाचणी करणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही, म्हणून बैठकीत लॅपटॉपचा टाइमझोन बदलून दाखवा. उपाय दोन: क्षण पाठवायचा असेल तर आरएफसी ३३३९ या इंटरनेट मानकाप्रमाणे ऑफसेटसह (जावात ऑफसेट-डेट-टाइम, डॉट नेटमध्ये डेटटाइम-ऑफसेट), आणि जन्मतारखेसारखी नुसती तारीख ब्राउझरमध्ये डेटमध्ये न बदलता मजकूर म्हणूनच ठेवायची.

विनंती फसली तरी २०० (‘सगळं ठीक’) हा एचटीटीपी कोड पाठवून आत ‘सक्सेस: फॉल्स’ लिहिण्याची सवय सगळ्याच टीमना असते. त्यामुळे देखरेखीच्या यंत्रणेला सगळं हिरवं दिसतं. २०२३ चा आरएफसी ९४५७ चूक कळवणाऱ्या उत्तरासाठी एकच साचा देतो: टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स. जावाच्या स्प्रिंग ६ आणि डॉट नेटच्या एएसपी डॉट नेट कोअर या फ्रेमवर्कमध्ये तो तयारच आहे, म्हणून या दोन टीमपासून सुरुवात करा. बाकीच्यांना चालता नमुना मिळतो. मात्र जुन्या पत्त्यावर हा बदल करू नका. लोकांच्या फोनमधली जुनी ॲप २०० चीच वाट पाहत असतात, ती बंद पडतील आणि दोष मानकांवर येईल. नव्या आवृत्तीचा वेगळा पत्ता द्या.

पडद्याकडची बाजू पटवायला माउस काढून घ्या. टॅब आणि एंटर एवढ्यावर टीमने स्वतःचा फॉर्म भरावा. डिव्हला, म्हणजे एचटीएमएलमधल्या साध्या चौकटीला, क्लिक लावून केलेलं बटण टॅबने सापडतच नाही. टॅब-इंडेक्स (टॅबच्या क्रमात आणणारा गुणधर्म) दिला तरी एंटर आणि स्पेससाठी वेगळा कोड लिहावा लागतो. खरं बटण हे सगळं फुकट देतं. पण एक इशारा आधीच द्या: फॉर्ममधलं बटण मुळात सबमिट प्रकारचं असतं. टाइप ‘बटण’ न लिहिता डिव्ह बदललं, तर क्लिक केल्याबरोबर फॉर्म निघून जाईल. ‘मानकं पाळली आणि पान मोडलं’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते, आणि एकदा विश्वास गेला की परत मिळवणं अवघड. मराठी पानावर लँग गुणधर्मात ‘एमआर’ लिहायला सांगा. त्यावर स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं साधन) योग्य आवाज निवडतो आणि काही फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात.

एकेका डेव्हलपरला समजावत बसण्यापेक्षा साधन बदला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्टने २००१ साली ड्रीमवीव्हर या वेब पानं बनवायच्या साधनासाठी खास गट नेमला आणि थेट ते साधन बनवणाऱ्यांबरोबर काम केलं. साधनातून चांगलं एचटीएमएल निघालं की वापरणाऱ्याला मानक पाठ असण्याची गरज उरत नाही. तुमच्याकडे हीच जागा सामाईक लेआउटची, कंपोनंट लायब्ररीची आणि जेसॉन बनवणाऱ्या एका वर्गाची आहे. तिथे दुरुस्ती करून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) तुम्हीच पाठवा.

मग तपासणी बिल्डमध्ये, म्हणजे कोड आपोआप तयार करून तपासण्याच्या टप्प्यात, घाला: एचटीएमएलसाठी एनयू तपासनीस, सुलभतेसाठी (अपंगांनाही पान वापरता यावं यासाठी) ॲक्स हे साधन. दोन्ही तयार झालेलं पान तपासतात, ते कोणत्या भाषेतून आलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पहिल्याच दिवशी सगळ्या चुकांवर बिल्ड पाडलंत, तर आठवड्यात कोणीतरी तपासणीच बंद करेल. आजची संख्या, समजा ३४०, फाइलीत नोंदवा. ती वाढली तरच बिल्ड पडावं आणि घटली की नवा आकडा नोंदला जावा. चित्राला पर्यायी मजकूर आहे का, हे यंत्र पाहतं. तो अर्थपूर्ण आहे का, हे माणसालाच वाचावं लागतं. त्यासाठी महिन्यातून एकदा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून मुख्य पाच पानं ऐका.

‘आमचं फ्रेमवर्क असंच देतं’ असं कोणी म्हणालं, तर वाद न घालता त्याच्याबरोबर बसून सेटिंग शोधा, बहुतेकदा सापडतं. खरंच नसेल तर सूट द्या, पण तिचं कारण, जबाबदार माणूस आणि शेवटची तारीख कोडशेजारच्याच फाइलीत लिहा, आणि ती तारीख उलटली की बिल्ड पडेल अशी सोय करा.